बरकत कुठं म्हणायची, कुठं नाही

गल्लीतल्या पोरानं मोटारसायकल घेतली की ग्रुपवर ओळीनं ‘बरकत येवो’ सुरू होतं. कुणाच्या लेकीला नीटमध्ये चांगले मार्क पडले, की पुन्हा ‘बरकत’. एकाची जमीन रस्त्यात गेली, मावेजा म्हणजे भरपाई खात्यावर जमा झाली, तर त्यालाही दोघा-तिघांनी ‘लई बरकत आली दादा’ म्हणून टाकलं. लिहिणाऱ्यांचं मन साफ आहे, शब्दही चांगला आहे, फक्त जागा चुकली.

मी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकानावर दिवाणजी होतो. शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिण्यात, हमाली-तोलाईचे हिशेब लावण्यात आणि रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मिळवण्यात उमर गेली. ‘बरकत’ तिथं उठता-बसता कानावर पडायची. कुणी म्हणायचं, कुणाला म्हणायचं, कुठं गप बसायचं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं, पण सांगत कुणी नव्हतं. आता मोंढ्यात न वाढलेल्या पोरांनाही हा शब्द आवडायला लागलाय, तर म्हणलं लिहून ठेवावं.

आधी अर्थ नीट धरा

दोन भाऊ, बांधाला बांध. थोरल्याला यंदा 20 पोती ज्वारी झाली, धाकट्याला 12. धाकट्याच्या घरी पाहुणेरावळे झाले, लेकीचं बाळंतपण झालं, दारावर आलेला मागता कधी रिकामा गेला नाही, आणि तरी पुढच्या सुगीला बळदाच्या, म्हणजे धान्याच्या कोठाराच्या, तळाशी चार पायल्या होत्याच. थोरल्याचं बळद श्रावण लागायच्या आत खडखडीत. असं झालं की मोंढ्यात माणसं म्हणायची, ‘धाकट्याच्या घराला बरकत हाय.’ थोरल्याचं उत्पन्न जास्त होतं, हे कुणी नाकारत नव्हतं.

म्हणजे जे आहे ते पुरणं, पुरून थोडं उरणं, आणि ह्या पुरण्यात आपल्या हुशारीपेक्षा वरच्याचा हात जास्त आहे असं मानणं. हे तिन्ही असेल तिथं हा शब्द बसतो. शेवटचं काढून टाकलं तर राहते ती नुसती काटकसर. तीही चांगली गोष्ट आहे, पण तिला काटकसरच म्हणावं.

शब्द मूळचा अरबी. ‘मुबारक’ त्याच धातूचा, ज्यात बरकत घातली गेली आहे तो. फारसीतून, दक्खनीतून तो आपल्याकडं आला आणि पार चुलीपर्यंत गेला. पुतण्या मला म्हणाला, ‘काका, हा शब्द आपला नाही ना?’ मी त्याला कीर्दीचं एक पान काढून दिलं आणि म्हणलं, यातले परके शब्द खोड. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, दुकान. कीर्द हा शब्दसुद्धा फारसी. पानावर नुसते आकडेच राहिले. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्या वडिलांच्या पिढीनं शाळा उर्दूत केली आणि अभंग मराठीत म्हणले. त्यांना कधी विचारावं लागलं नाही की बरकत कुणाची.

वाक्यात कशी बसवायची

बरकत स्त्रीलिंगी. बरकत आली, बरकत राहिली, बरकत गेली. पुढं बरकतीचा, बरकतीनं. अनेकवचन करू नका. उर्दूत ‘बरकतें’ चालतं, मराठीत ती एकटीच येते.

खरी गोम क्रियापदात आहे. बरकतीला माणूस कर्ता म्हणून चालत नाही. ‘आम्ही बरकत कमावली’, ‘यंदा बरकत वाढवायची’, ‘मेहनतीनं बरकत केली’ असं मोंढ्यात कुणी बोलणार नाही. बरकत येते, असते, राहते, होते. देणारा वरचा: ‘देव बरकत देवो’, ‘अल्ला बरकत दे’, ‘खंडोबा बरकत देईल’. माणसाच्या हातात एकच क्रियापद दिलंय, ते म्हणजे घालवणे. ‘दारूपायी हाताची बरकत घालवली त्यानं.’ हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे.

मग ‘ला’ लावायचा का ‘त’? दोन्ही लागतात, पण अर्थ थोडा हलतो. हाताला, घराला, पैशाला बरकत असते. तिथं तो त्या वस्तूचा गुणच झाला. धंद्यात, शेतात, पिकात बरकत येते, म्हणजे तिथं ती दिसायला लागली. ‘त्याच्या पैशाला बरकत नाही’ हे रोजचं वाक्य. ‘त्याच्या पैशात बरकत नाही’ हे कुणी म्हणलं तर चूक म्हणणार नाही मी, पण कानाला परकं लागतं.

शेजारचे शब्द

घोळ इथंच जास्त होतो, म्हणून जरा थांबतो.

दैव आणि बरकत एक नाही. ‘दैव देतं आणि कर्म नेतं’ ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. दैव एकदम देतं, एकदम नेतं, आणि ते वाईटही असतं: दैवानं पाठ फिरवली, दैव फुटलं. बरकत वाईट कधीच नसते. ती असते किंवा नसते. तिला यायला वेळ लागतो, आणि आली हे कळायलाही वर्षभर तरी जावं लागतं. एसटी उलटली आणि माणसं वाचली, तिथं ‘सुदैवानं’. दोन जुने दोस्त रेल्वे स्टेशनावर अचानक भेटले, तिथं ‘दैवयोग’. परीक्षा, नोकरी, लॉटरी ह्या ठिकाणी नशीब म्हणा, कष्टाचं फळ म्हणा, नुसतं अभिनंदन म्हणा. मोटारसायकल घेतलेल्या पोराला ‘सांभाळून चालव रे बाबा’ इतकं पुष्कळ झालं. मावेजा आला त्याचं म्हणाल, तर पैसा आला, एवढंच म्हणायचं. बरकत आहे का नाही हे त्या पैशाचं पुढं काय होतं त्यावरून गाव ठरवतं. आणि जमीन गेलेल्या माणसाला त्याच दिवशी बरकत म्हणणं म्हणजे मीठ चोळणं आहे, हे पोरांच्या लक्षातच येत नाही.

हाताचे शब्द तर अजून बारीक आहेत. हाड बसवणाऱ्याच्या, वैदूच्या, डॉक्टरच्या हाताला ‘गुण’ असतो. वकिलाच्या हाताला ‘यश’. स्वयंपाक करणारीच्या हाताला ‘चव’ असते आणि ‘बरकत’ही असते, पण ह्या दोन वेगळ्या गोष्टी. चव म्हणजे जेवण गोड लागलं. बरकत म्हणजे दहा जणांच्या अंदाजानं टाकलेलं पिठलं पंधरा जणांना पुरलं आणि कुणी अर्धपोटी उठलं नाही. पेरणीला बी सोडायच्या चाड्यावर पहिली मूठ कुणी धरायची, हे ठरवताना जुनी माणसं हाताची बरकतच बघायची. घरात सगळ्यांत थोर असेल त्यालाच तो मान मिळेल असं काही नव्हतं.

‘पायगुण’ मात्र मी सांगेन की सोडून द्या. देवणी गाय दावणीला आली आणि घरात दूधदुभतं वाढलं, तर ‘गायीचा पायगुण चांगला’ म्हणणं ठीक, गाय काही मनाला लावून घेत नाही. पण हा शब्द सुनेला लावतात. आमच्या ओळखीतली एक बाई बहात्तरच्या दुष्काळात लग्न होऊन आली. आख्खा महाराष्ट्र वाळला होता, माणसं खडी फोडायला जात होती, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढत होती. आणि सासरच्यांना दिसला तो हिचा पायगुण. म्हातारी होईपर्यंत तिला ते ऐकावं लागलं. बरकतीचं बरं आहे, ती कुणाच्या पायाला चिकटवून दोष देता येत नाही. ‘हिच्यामुळं बरकत आली’ म्हणतात. ‘हिच्यामुळं बरकत गेली’ हेही काही जण म्हणतात, नाही असं नाही, पण म्हणणाऱ्याकडंच लोक जरा बघून घेतात.

भरभराट, समृद्धी हे भाषणातले, पत्रिकेतले शब्द. वापरा, पण ते लांबून दिसणारे आहेत. बंगल्याला भरभराट म्हणता येते. एका खोलीत राहणाऱ्या विधवेनं शिवणकामावर दोन पोरं शिकवली, तिच्या घराला भरभराट म्हणता येणार नाही. बरकत म्हणता येते, आणि तिथंच ती जास्त शोभते.

मापताना आणि संपताना

ज्याला हा शब्द आतून समजून घ्यायचाय त्यानं जुन्या माणसाला धान्य मापताना ऐकावं. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला आणि पुढं हळूहळू पायली, अधोली, शेर व्यवहारातून गेले, पण घरात ज्वारी मापायला पायली अजून कित्येकांकडं आहे. पहिली पायली भरली की ‘एक’ म्हणायचं नाही. ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. पुढचे सगळे आकडे जसेच्या तसे, पहिला मात्र मोजायचाच नाही. का, म्हणून विचाराल तर प्रत्येक घरात वेगळं उत्तर मिळेल. आमचा म्हातारा मापाडी म्हणायचा, ‘पहिलं त्याचं, मग आपलं.’ इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हाही तो पोत्याकडं बघून तोंडातल्या तोंडात ‘लाभ’ म्हणायचाच, आकडा काट्यावर लाल दिव्यात दिसत असला तरी.

तुम्हाला हे करायचं असेल तर दोनच गोष्टी सांभाळा. मापताना मध्ये बोलू नका, आणि माप तळहातानं चेपून कमी-जास्त करू नका. मोकळं भरा, वरची शीग राहू द्या.

धान्य संपलं हे तोंडानं म्हणायचं नाही, हा त्याच रिवाजाचा दुसरा भाग. तांदूळ ‘वाढले’. दुकान बंद करत नाहीत, ‘वाढवतात’. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, त्याला निरोप देतात नाहीतर शांत करतात. घरातून निघताना ‘जातो’ म्हणलेलं चालत नाही, ‘येतो’. शहरातल्या पोरांना हे अंधश्रद्धेसारखं वाटतं. असेलही. पण बरकतीच्या घरात नकार कसा टाळतात हे ज्याला कळलं नाही, त्यानं ‘बरकत येवो’ म्हणलं तरी ते उसनं वाटतं. त्याच रीतीनं आमच्या आईनं दुरडी कधी रिकामी ठेवली नाही. रात्री सगळे जेवले तरी चतकोर भाकर फडक्याखाली असायचीच. सकाळी ती कुत्र्याला, नाहीतर गायीला.

माझी सासुरवाडी लातूरकडची. तिकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवशीला, सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप, आत लक्ष्मीची पूजा, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवतात, ओळख लागत नाही. सासूबाई म्हणायच्या, जेवढी खरकटी पानं बांधावर पडतील तेवढी रानाला बरकत. हे वाक्य लक्षात ठेवा. बरकतीला वाढणारा हात लागतो, आणि येळवशीला ज्याच्या कोपीत परकं माणूस जेवलं नाही त्याला घरी आल्यावर चुकल्यासारखं होतं.

कुणी म्हणायचं, आणि उत्तर काय द्यायचं

पहिला नेम: बरकत दुसऱ्याला म्हणायची, स्वतःची सांगायची नाही. आपल्या दुकानाबद्दल बोलताना ‘लई बरकत आहे आमच्याकडं’ असं म्हणणारा मोंढ्यात हलका ठरतो. फार तर म्हणावं, ‘भागतंय’, ‘त्याच्या कृपेनं चाललंय’. स्वतःसाठी मागताना मात्र हा शब्द मोकळेपणानं वापरावा. मागण्यात कमीपणा नाही. ‘देवा, हाताला बरकत दे’ हे कुणीही म्हणू शकतं.

मोठ्यानं धाकट्याला म्हणलं की तो आशीर्वाद. धाकट्यानं मोठ्याला म्हणायचं तर थेट नको, देवाला मध्ये घाला: ‘देव तुमच्या धंद्यात बरकत देवो, तात्या.’ बरोबरीच्याला कसंही चालतं.

कुणी तुम्हाला म्हणलं तर ‘हो ना’ म्हणू नका, ‘थँक्यू’ तर नकोच. ‘तुमचा आशीर्वाद’, ‘देवाची कृपा’, नाहीतर ‘तुमची दुवा हाय’. दुवा हा शब्द आमच्याकडं सगळेच वापरतात. गुरुवारी दुकानादुकानांतून लोबानचा धूर फिरवत फकीर यायचे. मोरपिसानं गल्ल्याला स्पर्श करून ‘बरकत दे मौला’ म्हणायचे. आमचे मालक मारवाडी, गल्ल्यावर शुभ-लाभ लिहिलेलं, गादीमागं लक्ष्मीचा फोटो. ते त्या धुराला हात जोडायचे आणि पसाभर धान्य झोळीत टाकायचे. सकाळची भवानी, म्हणजे दिवसातली पहिली विक्री, झाली नसली तरी फकिराला थांबवून ठेवायचे नाहीत. गिऱ्हाइकाला मात्र भवानी झाल्याशिवाय उधार मिळत नसे, ओळखीचं असलं तरी.

परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा, किंवा रमजानात कुणाच्या घरी इफ्तारला बसलात, तर उठताना यजमानाला ‘दस्तरखानाला बरकत राहो’ म्हणा. मराठीत म्हणलं तरी पोचतं. जेवण झाल्यावर हिंदू घरात तेच ‘अन्नदाता सुखी भव’. दोन्हीकडं मागणं एकच आहे, फक्त पहिल्यात अन्नासाठी आणि दुसऱ्यात माणसासाठी.

‘बरकत नाही’ हे म्हणताना

हे वाक्य सुरीसारखं आहे, म्हणून तोंडावर कधी म्हणू नये. ‘त्याच्या पैशाला बरकत नाही’ याचा अर्थ गावात असा धरतात की पैसा कुठून आला ते बघा. ‘मापात पाप’ ही म्हण मोंढ्याच्या कामाची. एका दुकानावर कडता, म्हणजे वजनातली कपात, जरा जास्तच कापायचे, ओलाव्याच्या नावाखाली, मातीच्या नावाखाली. शेतकरी भांडत नसे, घाईत असे. पण बैलगाडी जुंपताना एखादा म्हातारा एवढंच म्हणायचा, ‘राहू द्या, बरकत नाही व्हायची त्याला.’ शिवी नाही, शाप नाही, आणि तरी मी लिहिता लिहिता मान वर करून बघायचो. म्हणून सांगतो, गरिबीतल्या माणसाबद्दल हे वाक्य वापरू नका. ज्याची मिळकतच तुटपुंजी त्याला बरकत नाही म्हणणं हा हिशेबातला खोटेपणा आहे. त्याच्याकडं कमी आहे, म्हणजे कमीच आहे. तिथं बरकतीची गोष्ट काढण्यापेक्षा पायलीभर ज्वारी द्यावी.

लेखी वापरायचं असेल तर

पुतण्याच्या दुकानाच्या निमंत्रणपत्रिकेवर शेवटी काय छापलं ते सांगतो, कारण हाच प्रश्न बरेच जण विचारतात. त्यानं आधी लिहिलं होतं, ‘आमच्या दुकानाच्या बरकतीसाठी अवश्य यावे.’ म्हणजे पाहुण्यांनी त्याच्या कामासाठी यायचं. ते बदलून केलं: ‘आपले पाय दुकानाला लागावेत, ही विनंती.’ यजमानाच्या पत्रिकेत बरकत नको. पाहुण्यांच्या शुभेच्छेत हवी. कार्डावर, बुकेच्या चिठ्ठीवर ‘धंद्यात बरकत येवो’ एवढं लिहा आणि खाली नाव. ‘उदंड बरकत’, ‘भरघोस बरकत’ अशी विशेषणं लावू नका, ती मोजायची गोष्ट नाही. वास्तुशांतीला ‘घराला बरकत राहो’ चालतं. लग्नाच्या पत्रिकेत शोभत नाही, तिथले शब्द वेगळे आहेत. शोकसंदेशात तर नकोच.

छापखान्यात अक्षरं सांगून द्या: ब, र, क, त, चारही सुटी. ‘बर्कत’ असं छापून आणलेलं मी पाहिलंय, आणि एका फलकावर तर ‘बरकद’. प्रूफ स्वतः वाचा.